मधला आवाज

यमाने नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला फरक समजावून सांगितला, ही कठोपनिषदातली गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी एखाद्या प्रवचनात ऐकलेली असते. जे गोड वाटतं ते प्रेय, आणि जे खरोखर चांगलं ते श्रेय. ऐकताना अगदी पटतं. पण रोजच्या व्यवहारात हे दोन ओळखायचे कसे? त्याचं एक उत्तर मला सापडलं ते आमच्या गॅरेजमध्ये, आणि तेही इलेक्ट्रिक गिटारमुळे! वाचकांना हसू येईल, पण थोडा धीर धरावा ही विनंती.

आमची लेक सतरा वर्षांची. तिचा चौघांचा बँड आहे. ड्रम वाजवणारा मुलगा लेबनीज घरातला, बास गिटार वाजवणारी मुलगी व्हिएतनामी, आणि गाणारी मुलगी कित्येक पिढ्या इथेच राहिलेल्या कुटुंबातली. सिडनीच्या पश्चिमेकडच्या कुठल्याही शाळेत दिसावी अशीच ही चौकडी. त्यांच्यासाठी आमची गाडी रस्त्यावर गेली आणि गॅरेजचा ‘स्टुडिओ’ झाला. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक लॅपटॉप, माईक जोडायची एक डबी, दोन माईक आणि पाच वॉटचा छोटासा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. छोट्या खोलीत आवाज समोरासमोरच्या भिंतींवर आपटून घुमतो, म्हणून एका भिंतीला जुनी गादी टेकवली आहे आणि दुसरीवर माझ्या आईने शिवलेली गोधडी टांगली आहे.

मी लहानपणी चार वर्षं तबला शिकलो, एवढंच माझं संगीत. त्यामुळे माझ्याकडे काम आलं ते माईक हलवण्याचं. ते वाटतं तेवढं फुटकळ नाही बरं का! अँप्लिफायरच्या स्पीकरच्या मध्यावर माईक धरला की आवाज टोकदार येतो, कडेकडे सरकवला की गोल होत जातो. दोन बोटं इकडे की तिकडे, एवढ्यावर गिटारची जात बदलते.

आता खरी गोष्ट. न्यू साउथ वेल्समध्ये नियम असा, की रात्री दहानंतर (शुक्रवारी-शनिवारी बारानंतर) सकाळी आठपर्यंत आपल्या वाद्याचा किंवा स्पीकरचा आवाज शेजाऱ्याच्या राहत्या खोलीत ऐकू जाता कामा नये. अभ्यास आटोपून लेक गॅरेजमध्ये जायची तेव्हा बहुधा दहा वाजून गेलेले असायचे. मग हेडफोन लावून, अगदी हळू आवाजात, तिने मनासारखा ‘टोन’ बसवला. अँप्लिफायरला तीन बटणं असतात: बास, मिडल आणि ट्रेबल, म्हणजे खर्ज, मध्य आणि वरचा आवाज. सप्तकांचा हिशेब यात तंतोतंत बसत नाही, पण कल्पना यावी म्हणून मंद्र, मध्य आणि तार म्हणू या. तिने मंद्र पूर्ण वर नेलं, तार पूर्ण वर नेलं, मध्य जवळजवळ शून्यावर आणलं, आणि आवाज फाटेपर्यंत ‘गेन’ वाढवला. मला ऐकवलं. अंगावर काटा यावा असा भव्य आवाज!

रविवारी बँड जमला, सगळ्यांचं एकत्र रेकॉर्डिंग झालं, आणि त्यात गिटार सापडेना. आवाज वाढवला तर गाणारीचे शब्द बुडाले. कमी केला तर गिटार पुन्हा गायब.

कारण शोधलं तेव्हा ते अगदी साधं निघालं. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपनं करते. त्या भागात आणि त्याच्या खाली बास गिटार आणि मोठा ड्रम राहतात. वर, पाच-सहा हजार कंपनांच्या पुढे, झांजांचं राज्य. तिथे गिटारचा स्पीकरच थकून जातो. गिटारचं स्वतःचं घर आहे मध्ये, काही शेपासून सुमारे तीन हजारांपर्यंत. आमच्या कन्येच्या गिटारने आपलं घर रिकामं टाकलं होतं आणि दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या घरांत जाऊन ती ठाण मांडून बसली होती!

मग रात्री तोच आवाज इतका छान का वाटला? ह्याचं उत्तर अमेरिकेतल्या बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ मध्ये देऊन ठेवलं आहे. आवाज हळू असला की आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे आवाज कमी ऐकू येतात, मधले मात्र त्या मानाने नीट येतात. म्हणजे हळू आवाजात एकटं बसून ऐकणारा माणूस दोन्ही टोकं वाढवणारच. यात त्याच्या अभिरुचीचा दोष नाही, परिस्थितीचा आहे.

लेकीने मध्य वर नेलं, गेन अर्ध्यावर आणला आणि शंभरच्या खालचे आवाज गाळून टाकले. एकटी गिटार ऐकली तर कोरडी, जराशी नाकातून बोलल्यासारखी. “बाबा, किती भिकार वाटतंय हे!” पण चौघं एकत्र वाजायला लागले आणि गिटारचा प्रत्येक आघात स्वच्छ ऐकू आला, तोही आधीपेक्षा कमी आवाजात, आणि गाणारीचा एकही शब्द न बुडवता.

ह्या बाबतीतला थोर माणूस आपल्या सिडनीचाच. पॅरामॅटाहून ट्रेनने सिटीत जाताना बर्वूड स्टेशन लागतं. १९६३ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून आलेलं यंग कुटुंब तिथे राहत असे. त्यांच्यातल्या माल्कम आणि अँगस या भावांनी १९७३ मध्ये ‘एसी/डीसी’ हा बँड काढला. शाळेच्या गणवेशात रंगमंचभर धावणारा अँगस सगळ्या जगाला माहीत आहे. माल्कम मागे, ड्रमशेजारी उभा राहायचा, आणि कोरसपुरता पुढे येऊन परत जागेवर जायचा. लोक समजतात की त्या बँडचा आवाज म्हणजे नुसता फाटका गोंगाट. प्रत्यक्षात माल्कमचा गेन आश्चर्य वाटावं इतका कमी असे. जाड तारा, जोरकस उजवा हात आणि स्वच्छ मधला आवाज, यावर सगळी इमारत उभी होती. आजारपणामुळे २०१४ मध्ये तो थांबला, २०१७ मध्ये गेला. पण गिटारवाले आजही ‘टोन’ शिकायला त्याच्याकडेच जातात.

हे सगळं मी एका मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, “म्हणजे तात्पर्य काय, परक्या मुलखात नमतं घेऊन राहायचं! आपला आवाज कापून दुसऱ्याला जागा द्यायची!” आक्षेप महत्त्वाचा आहे, कारण स्थलांतर केलेल्या प्रत्येकाच्या पोटात ही भीती असते. जुळवून घेता घेता आपण उरणारच नाही, ही ती भीती. पण नीट पाहा. गिटारने शंभरच्या खालचं सोडलं, त्यात तिचं असं फारच थोडं होतं. ते बासच्या मालकीचं होतं. जे तिचं होतं, ते तर तिने वाढवलं! जागा देणं आणि स्वतःला पुसणं यांत एवढाच फरक आहे, की काय सोडतो आहोत ते आपलं होतं का, हे आधी पाहायचं.

आपल्याकडे तंबोऱ्याकडे बघा. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात, म्हणजे घोडीचा पृष्ठभाग किंचित उताराचा घासतात आणि तारेखाली दोरा सरकवतात. तार त्या उताराला निसटती शिवते आणि एका स्वरातून अनेक स्वर उमटतात. (गिटारचा आवाज थोडा ‘फाटतो’ तेव्हा व्हॉल्व्ह करतात तेही एका अर्थी हेच, मूळ स्वराला वरच्या स्वरांची जोड!) मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मैफलीत तंबोरा ऐकायला म्हणून कोणी जात नाही. पण तो थांबला तर गवयाच्या पायाखालची जमीन जाते. तंबोऱ्याला दबलेलं कोण म्हणेल? तो पूर्ण मोकळ्या आवाजात वाजत असतो, फक्त स्वतःच्या जागेवर.

आता जरा आपल्या मंडळींकडे वळतो, कारण रात्रीच्या त्या हेडफोनची गोष्ट मला आपलीही वाटते. घरापासून इतक्या दूर आपली भाषा, आपलं वळण हे सगळं हळू आवाजात वाजत असतं. हळू आवाजात दोन्ही टोकं कमी ऐकू येतात, म्हणून आपण टोकं वाढवतो. गणपतीत ढोल-ताशा, लेझीम, नऊवारी, फेटे, दिवाळीचा फराळ आणि मोठ्या कलाकारांचे कार्यक्रम. हा झाला मंद्र आणि तार. हे सगळं हवंच, माझा त्याला अजिबात विरोध नाही, मी स्वतः ताशा वाजवतो! पण मधला पट्टा कुठे आहे? भाजी निवडताना झालेलं बोलणं, “दप्तर कुठे टाकलंस?” अशी साधी वाक्यं, मुलाच्या गणिताच्या चुकीवर मराठीत झालेली कुरबुर, भांडण आणि भांडणानंतरची समजूत? एकटं ऐकलं तर हे अगदी कोरडं, नाकातून बोलल्यासारखं असतं. स्टेजवर दाखवण्यासारखं त्यात काहीच नाही. आणि मुलांना घरचा आवाज म्हणून पुढे आठवेल ते बहुधा हेच.

याला माझ्याकडे एक पुरावा आहे. पूर्वी रविवारी फोनकार्ड घासून आपण भारतात फोन लावत असू. त्या टेलिफोनच्या तारेतून सुमारे ३०० ते ३४०० कंपनांच्या मधलाच आवाज जाई. खालचा सगळा कापलेला, वरचा सगळा कापलेला. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो, म्हणजे तो तर तारेतून जातच नसे. ऐकणाऱ्याचं मन तो भरून काढी. तरीही आपण नुसतं “हॅलो” म्हणताच पलीकडून आई विचारायची, “सर्दी झालीय का रे?” दहा हजार किलोमीटरवरून, फक्त मधल्या आवाजावर!

म्हणून श्रेय आणि प्रेय ओळखण्याची माझी कसोटी आता अशी आहे. एखादी गोष्ट एकट्याने, आपल्याच कानात ऐकून तिला चांगलं म्हणू नये. ती चारचौघांत नेऊन ठेवावी आणि दोन प्रश्न विचारावेत: हिच्यामुळे दुसऱ्याचं ऐकू येईनासं झालं का? आणि ही बंद केली, तर काही उणं वाटतं का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं ‘हो’ असेल, तर ती चांगली. मग ती गिटार असो, आपलं मंडळ असो, नाहीतर आपण स्वतः.

लेकीच्या बँडचं गाणं आता पूर्ण झालं आहे. ते इंग्रजीत आहे, आणि त्यातलं मला निम्मंच कळतं. पण दुसऱ्या कडव्यानंतर ती चार मात्रा थांबते, तेव्हा गिटार नसल्याचं लगेच कळतं. परवा गाडीत हे मी तिला मराठीत सांगितलं. उत्तरही मराठीतच आलं: “बाबा, सिग्नल हिरवा झालाय.”