आपली फरशी, काकूचे छत

दिवाळी जवळ आली की आमच्या कल्याणच्या आळीत पूर्वी दोन वास एकमेकांत मिसळून येत. एक चकलीच्या भाजणीचा आणि दुसरा ओल्या चुन्याचा. भाजणीचा वास अजून येतो; चुन्याच्या वासाला मात्र डब्यातल्या तयार रंगांनी हाकलून दिले आहे. लहानपणी वडील पिंपात कळीचा चुना भिजत घालीत, तो खदखदू लागला की आम्हा मुलांना दूर उभे करीत, आणि मग त्यात थोडी नीळ टाकून भिंतींवरून हात फिरवीत. अभ्यंगस्नान आधी घराचे, मग माणसांचे, असाच तो क्रम होता.

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. तिसरी परीक्षा सांगायची त्यांच्याकडून राहून गेली असावी. जुने घर पाहावे दुरुस्त करून, आणि तेही स्वतःच्या हातांनी! 2025 सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी या परीक्षेला बसलो. निकाल काय लागला ते शेवटी सांगतो.

आमचे घर दुमजली, खाडीकडे उतरत जाणाऱ्या एका आळीतले. पणजोबांनी बांधलेले. खाली आमची धाकटी काकू एकटी राहते. वर मी, पत्नी आणि दोन मुले. दोन्ही मजल्यांच्या मध्ये सागवानी कडीपाट आणि त्यावर मातीचा जुना कोबा. मी ठाण्याच्या एका शाळेत मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दुरुस्तीसाठी कंत्राटदाराने जो आकडा सांगितला, त्यातली नुसती शून्येच मला परवडण्याजोगी होती. तेव्हा थापी आणि ओळंबा विकत आणला आणि सुटीच्या पहिल्याच सोमवारी लेंगा खोचून उभा राहिलो. “कादंबरीत निदान चुकलेले पान फाडता तरी येते,” एवढेच पत्नी म्हणाली.

आरंभ काकूच्या खोलीपासून केला. तिच्या मागच्या भिंतीला बारा महिने ओल. या ओलीला इतिहास आहे. 26 जुलै 2005 च्या पुरात उल्हास नदीचे पाणी आमच्या आळीत शिरले आणि काकूच्या खोलीत कमरेपर्यंत उभे राहिले. पाणी ओसरल्यावर वडिलांनी घाईघाईने त्या भिंतीला कमरेइतका सिमेंटचा गिलावा केला. वाटले, आता भिंत पक्की झाली. दोन-तीन पावसाळ्यांत ओल सिमेंटच्या वर, छातीपर्यंत आली. वडिलांनी सिमेंट छातीपर्यंत नेले. ओल खांद्याला लागली. पुढे वडील गेले, ओल राहिली.

मी गिलावा छिन्नीने उडवू लागलो तेव्हा आतले दृश्य पाहून थबकलो. बाहेरून दगडासारखी टणक असलेली भिंत आतून भुसभुशीत झाली होती. विटांना लोणा लागला होता आणि बोट लावले की त्यांची पूड हाती येत होती. एका म्हाताऱ्या गवंड्याला दाखवले. तो म्हणाला, “मास्तर, भिंतीचं नाक-तोंड दाबलं होतं तुम्ही. ती श्वास कुठून घेणार?”

त्याच्या बोलण्यातले शास्त्र अगदी साधे आहे. जुन्या भिंतीत जमिनीतून ओल वर चढतेच. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडते आणि वाऱ्याने सुकते. सिमेंटचा थर तिची वाट अडवतो. मग ती आतल्या आत साठते, वाट शोधत आणखी वर चढते आणि पाण्याबरोबर आलेले क्षार विटेला आतून पोखरतात. शिवाय चुना विटेपेक्षा मऊ असतो. झिजायची वेळ आली की आधी तो झिजतो, वीट वाचते. सिमेंट जुन्या विटेपेक्षा कठीण. ते स्वतः झिजत नाही, विटेला झिजवते. म्हणून जुनी घरे जपणारे जाणकार एक नियम सांगतात : दुरुस्तीचा माल मूळ भिंतीपेक्षा मऊ असावा.

बावीस वर्षे मुलांना शिकवीत आलो. त्यांच्या वह्यांवर लाल शाईचे कठीण थर दिले. हा नियम मला कोणी आधी सांगितला असता तर! असो. भिंत पंधरा दिवस उघडी ठेवून वाळू दिली, खराब विटा बदलल्या आणि गवंड्याच्या देखरेखीखाली चुना, विटेची पूड आणि धुतलेली रेती यांचा गिलावा केला. हातांची सालटी निघाली. काकू रोज रात्री खोबरेल तेलाची वाटी पुढे करी. गिलावा पुरा झाला त्या दिवशी तिने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “गार आहे रे, पण ओली नाही.”

इथे थांबलो असतो तर या लेखाचे कारणच उरले नसते. पण एक भिंत साधली की माणूस स्वतःला विश्वकर्मा समजू लागतो! आता वरच्या खोलीचा कोबा मला खुपू लागला. त्याला तडे गेलेले, झाडताना माती निघायची. त्यावर सिमेंटचा जाड थर देऊन चकचकीत फरशी बसवायची असे मी ठरवले. फरशीची खोकी आणि सिमेंटच्या गोण्या जिन्याखाली येऊन पडल्यासुद्धा. धाकटी बहीण आणि तिचे यजमान डोंबिवलीहून आले होते. त्यांनी आपल्या फ्लॅटमधली मधली भिंत काढून दिवाणखाना मोठा केला आहे. ते म्हणाले, “दादा, स्वतःच्या घरात माणसाने मनासारखं करावं. विचारायचं कोणाला?”

काकूने मात्र विचारले, “बाळ, त्याचं वजन किती होईल रे?”

मी हसलो. “काकू, पणजोबांचा साग आहे हा. हत्ती नाचले तरी हलणार नाही.”

काकू काही बोलली नाही. खाली जाऊन तिने वातीचा कापूस पुढे ओढला.

त्यानंतर दोनच दिवसांनी, 20 मे रोजी, रुळांच्या पलीकडे कल्याण पूर्वेत एका चार मजली इमारतीत चौथ्या मजल्याचा स्लॅब कोसळला आणि खालचे मजले फोडीत तळापर्यंत गेला. सहा माणसे गेली. वर फरशीचे काम चालू होते, असे बातमीत आले. त्या दुर्घटनेचा न्यायनिवाडा ज्यांचा त्यांनी करावा. मला कोणाकडे बोट दाखवायचे नाही. घाटकोपरला 25 जुलै 2017 रोजी तळमजल्यावर फेरबदल चालू असलेली अशीच एक इमारत पडली होती आणि 17 माणसे गेली होती. तेव्हा मी वर्तमानपत्राची घडी घालून शाळेत गेलो होतो. या वेळी घडी घालवेना. कारण जिन्याखाली माझीही खोकी होती.

त्या रात्री मी गणित मांडले. मुलांना घालतो तसेच. चार सेंटिमीटर सिमेंटचा थर आणि त्यावर फरशी, म्हणजे एका चौरस मीटरला सुमारे शंभर किलो. खोली अकरा चौरस मीटरांची. एकूण अकराशे किलो. म्हणजे माझ्या सातवीच्या वर्गातील तीस-एक मुले त्या कडीपाटावर उभी. रात्र नाही, दिवस नाही, मधली सुटी नाही, शाळा सुटण्याची घंटा नाही. आणि त्यांच्या बरोबर खाली काकूची कॉट.

मला घाम फुटला तो अपघाताच्या भीतीने नव्हे. कदाचित काहीच झाले नसते. साग खरोखरच बळकट असेल. घाम फुटला तो माझ्या हसण्याने. वजन माझे, हौस माझी, आणि ते ज्याच्या डोक्यावर राहणार त्या माणसाने विचारलेला साधा प्रश्न मी हसण्यावारी नेला होता. अनर्थ झाला नाही म्हणून अन्याय झाला नाही, असे म्हणता येईल का? मला तसे वाटत नाही. अन्याय घडायला छत कोसळावे लागत नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर त्याला न विचारता भार ठेवला, तिथेच तो घडतो.

आपण ‘माझे घर’ म्हणतो. कागदावर ते खरेही असते. पण माझी फरशी हेच दुसऱ्याचे छत असते, आणि माझ्या खोलीतला खांब हा वरच्याच्या चुलीचा आधार असतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या लावतात. तीस वर्षे झालेल्या इमारतीची तपासणी करून घ्यावी असा कायदाही आहे. पण कायदा दारापर्यंत येतो. दाराच्या आत, छिन्नी हातात घेतलेल्या माणसाला अडवायला त्याच्या मनाखेरीज कोणी नसते.

मग जुन्याला हातच लावू नये की काय? रस्किन नावाच्या इंग्रज लेखकाने 1849 साली जवळजवळ तसेच म्हटले होते. जुन्या वास्तू आपल्या नव्हेत. त्या बांधणाऱ्यांच्या आणि पुढे येणाऱ्यांच्या आहेत, आपल्याला त्यांना हात लावायचा अधिकार नाही, असा त्याचा विचार. विचार थोर आहे, पण रस्किनला आमच्या काकूचे गुडघे ठाऊक नव्हते! तिच्या न्हाणीघराचा वीतभर उंचीचा उंबरठा पणजोबांचाच, आणि तो मी बिनदिक्कत काढला. जुने म्हणून ते पवित्र आणि नवे म्हणून ते भ्रष्ट असे मी मानत नाही. जिवंत माणसाला अडखळवणाऱ्या उंबरठ्याने वाट सोडावीच.

तेव्हा कसोटी जुन्या-नव्याची नव्हे. ती मला दोन प्रश्नांत सापडली. मी जे करतो आहे त्याचा भार कोणावर पडेल, आणि त्याला मी विचारले आहे का? आणि उद्या माझी चूक झाली असे ठरले, तर पुढच्याला ती सोडवता येईल का? चुन्याचा गिलावा उद्या माझा मुलगा सहज काढू शकेल. वडिलांचे सिमेंट काढताना मात्र विटाही तुटल्या. वडिलांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी ते भिंतीच्या भल्यासाठीच केले होते. पण भले करतानासुद्धा गाठ अशी मारावी की दुसऱ्याला सुटेल. घरात, संसारात आणि मुलांना वाढवतानाही.

खोकी दुकानदाराने थोडे पैसे कापून परत घेतली. मी एका अभियंत्याला बोलावले. त्याने कडीपाट ठोकून पाहिला आणि काकूच्या कॉटवरची एक कडी टोकाला कुजलेली दाखवली. हत्ती नाचवायला निघालो होतो तो याच कडीवर! ती सुताराकडून बदलून घेतली. ते काम माझ्या हातचे नव्हते, आणि आपल्या हातचे काय नाही हे कळणे हीसुद्धा कारागिरीच. कोब्याचे तडे मी स्वतः बुजवले, घोटून गुळगुळीत केले. मेहुणे म्हणाले, “एवढा खटाटोप करून जमीन ती जुनीच!” त्यांचे खरे आहे. मात्र परवा त्यांचा फोन आला होता. अभियंत्याचा पत्ता हवा होता.

एक दिवस मी काकूला विचारले, “तू तेव्हा स्पष्ट नको का म्हणाली नाहीस?”

ती वात वळीत होती. म्हणाली, “मी नको म्हटलं असतं, तर तू थांबला असतास?”

परीक्षेचा निकाल सांगतो म्हणालो होतो. भिंतीत पास झालो. या प्रश्नात नापास.

यंदाच्या दिवाळीला काकूच्या भिंतीला चुन्याचा हात देताना मुलाला बरोबर घेतले. त्याने नीळ जरा जास्तच टाकली आणि भिंत आभाळी झाली. मी ओरडणार होतो, पण काकूने डोळ्यांनी दटावले. चुनाच तो; पुढच्या वर्षी दुसरा हात देता येईल.