ओळख आणि बंदिवास

तंजावर शहर समुद्रकाठी नाही. कावेरीच्या कालव्यांनी भिजलेल्या भातशेतीच्या मुलखात ते वसले आहे. जिल्ह्याची एक कड मात्र पाल्कच्या उपसागराला टेकते. तेथे मल्लिपट्टिणमजवळ, नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ सरफोजीराजांनी १८१४-१५ च्या सुमारास बांधविलेला ‘मनोरा’ अद्याप उभा आहे. त्याच्यासमोरच्या उथळ, समुद्रगवताच्या पाण्याच्या परिसरात ज्या प्राण्याचा वावर आहे त्याला आपण अष्टपाद म्हणतो. तमिळ भाषेत त्याचे नाव ‘पेय्क्कणवाय’. कणवाय म्हणजे माकूल आणि पेय् म्हणजे भूत. मराठी नावाने पाय मोजले. तमिळ नावाने हा प्राणी पुरता हाती लागत नाही हे मान्य केले. दोहोंपैकी तमिळ नाव अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

हा प्राणी घरात, काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात पाळण्याचा छंद आता जगभर आहे. त्या छंदातून एक जुनाच नैतिक प्रश्न नव्या रूपात उभा राहतो: ज्याची ओळख पटलेली नाही त्याला पाळावे काय, आणि ओळख पटावी म्हणून पाळावे काय?

प्रश्नाची पहिली बाजू व्यवहारातली आहे, पण क्षुल्लक नाही. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले पाणी तयार करता येते, गाळता येते, थंड राखता येते. टाकीचे झाकण घट्ट लागते, कारण या प्राण्याच्या अंगात हाड नाही; चोच जाईल एवढ्या फटीतून उरलेला देह जातो. तांब्याचा अंशही पाण्यात चालत नाही. (याचे निळसर रक्त प्राणवायू वाहते ते तांब्याच्याच आधारे, आणि तांब्याच्या कलशातले जे पाणी आपल्याकडे पवित्र, ते याला विष.) हे सारे शिकता येते. परंतु विक्रेता ज्या पिशवीतून प्राणी हवाली करतो तिच्याबरोबर बहुधा ‘ऑक्टोपस’ एवढाच शब्द येतो, आणि अष्टपादांच्या जाती सुमारे ३०० आहेत. लहान दिसतो तो लहान जातीचा प्रौढ आहे की मोठ्या जातीचे पोर? दिवसा हिंडणारा की रात्री? निळ्या कड्यांचा अष्टपाद शांत असताना मातकट, निरुपद्रवी दिसतो. चिडला म्हणजेच कडी झळकतात, आणि त्याचा दंश माणसाचा श्वास थांबवू शकतो. तेव्हा जात ओळखणे हा पंडिती सोस नव्हे. आपण याचे काय देणे लागतो, हेच त्यावाचून कळत नाही.

आता अडचण अशी की शास्त्र ज्या खुणांवर जात निश्चित करते त्यांपैकी पुष्कळशा मेलेल्या देहावरच मोजता येतात: कल्ल्यांच्या पाकळ्या, चूषकांची संख्या, नराच्या उजवीकडच्या तिसऱ्या बाहूचे टोक. जिवंतपणी डोळ्यांत भरणारा रंग मद्यार्कात उडून जातो. आणि जिवंतपणीचा रंग तरी कोणता? क्षणार्धात तो वाळूचा असतो, क्षणार्धात प्रवाळाचा. कातडीसुद्धा गुळगुळीत किंवा काटेरी होते.

सरफोजीराजांनी प्राणिसंग्रह बाळगला होता आणि पशुपक्ष्यांची चित्रे काढविली होती; तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना दिलेला अशा चित्रांचा संच लंडनला पोचला. त्याच राजाच्या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टी मराठीत निघाल्या. इसापाचा कोल्हा हा कोल्ह्याचे कातडे पांघरलेला माणूसच. चित्रातल्या प्राण्याला मात्र बोधाचे ओझे नसते. एकाच दरबारात पशूकडे पाहण्याच्या या दोन रीती शेजारी नांदल्या, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासाने पुरेशी नोंदलेली नाही. पण त्या दरबारच्या चित्रकारापुढे जिवंत अष्टपाद ठेवला असता तर त्याने कुंचला कोणत्या रंगात बुडवला असता?

दूर नसलेल्या तरंगंबाडीहून क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन हे मिशनरी मासे बर्लिनच्या ब्लॉख यांच्याकडे धाडीत. ब्लॉख यांनी १७९३ मध्ये एका मत्स्यवंशाला जॉन यांचे नाव दिले. त्या नावातून पाठविणारा कळतो, मासा कळत नाही.

मृत अवशेषांवरून केलेली ओळख किती फसते, याचा दाखला अष्टपादाच्याच गोतात आहे. मादीच्या देहात सापडलेला एक तुकडा थोर प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी १८२९ मध्ये परजीवी कृमी ठरविला आणि त्याला स्वतंत्र नाव दिले. तो कृमी नव्हता. संभोगात नराने मागे ठेवलेला बाहू होता. याच गोतातल्या अर्गोनॉटविषयी दुसरा समज होता, की त्याचा पातळ, नावेसारखा शिंपला चोरीचा, एखाद्या शंखवासी खेकड्याच्या घरासारखा. सिसिलीतील मेसिना येथे राहणाऱ्या झान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनी हा वाद मिटविण्यासाठी १८३२ मध्ये काचेच्या टाक्या करविल्या. याच वर्षी तंजावरास सरफोजीराजे निवर्तले. बाईंनी अर्गोनॉट जिवंत ठेवले, शिंपल्यांचे तुकडे मोडले आणि पाहिले: प्राणी स्वतःच्या स्रावाने भगदाड बुजवीत होता. चोरीचा आळ गेला. आधुनिक मत्स्यालयाच्या आरंभीच्या टाक्यांपैकी एक अशा रीतीने अष्टपादाच्या एका नातलगाच्या निर्दोषत्वासाठी बांधली गेली, हे विसरता येणार नाही.

तर मग पाळणे समर्थनीय ठरले काय? तितक्या सहज नाही. पोपट पाळणारा किंवा हत्ती बाळगणारा त्या जिवाच्या आयुष्याचा एक वाटा घेतो. हत्ती तर माहुताच्या दोन पिढ्या पाहतो. पुष्कळशा अष्टपादांचे सारे आयुष्यच वर्षा-दोन वर्षांचे. मादी अंडी घालते, त्यांवर बसून राहते, खाणे सोडते आणि पिले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. पाळणाऱ्याच्या हाती वाटा येत नाही, सबंध जिणेच येते. ओळख पटविण्यात चार महिने गेले तर ते चार महिने कोणाच्या खात्यावर मांडायचे? त्या जिवाला काही वाटते की नाही, हा वाद आता मागे पडत चालला आहे. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात अष्टपादाला संवेदनक्षम मानले. आपल्या १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने ‘प्राणी’ शब्दाची व्याख्या माणसाखेरीज कोणताही सजीव अशी करून ठेवली होती, परंतु व्याख्येची व्याप्ती आणि आचरणाची व्याप्ती यांत अंतर राहतेच.

व्हिलप्रो-पॉवर यांच्याकडे काचेच्या टाकीशिवाय आणखी एक साधन होते: समुद्रातच बुडवून ठेवावयाचे पिंजरे. त्यांतला प्राणी कैदी होता, पण पाणी त्याचे होते. पिंजरा उघडला की तो घरीच असे. तंजावरच्या एखाद्या घरातल्या टाकीपुढे ही सोय नाही. पाळणाऱ्याला उद्या पश्चात्ताप झाला आणि तो बादली घेऊन मल्लिपट्टिणमच्या किनाऱ्यावर गेला, तरी बादलीतला जीव पाल्कच्या उपसागराचा आहे की इंडोनेशियाच्या प्रवाळातून पिशवीत बांधून आलेला, हे त्याला ठाऊक नसते. आणि परका प्राणी परक्या पाण्यात सोडणे हा पुन्हा वेगळा अपराध. जात कळेपर्यंत ती बादली परत घरी न्यावी लागते.