तेल कोणाचे, पेंड कोणाची?

दिवाळीत तेलाला जो मान मिळतो तो वर्षभरात एरवी कधी मिळत नाही. अंगाला तेल, पणतीत तेल, कढईत तेल. पण हे येते कुठून, असे घरातल्या पोराने विचारलेच तर आपण फार तर वाण्याच्या दुकानाकडे बोट दाखवू. खरे उत्तर बरेच लांबचे आहे. आपला देश खातो त्या तेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येते, आणि त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा असतो. इकडे याच दिवसांत अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूला जी भातखाचरे अजून शिल्लक आहेत ती कापून मोकळी होतात. शंभरेक इंच पाऊस पिऊन बसलेली ती जमीन. पोटात ओल असते, पण अंगावर धसकटांखेरीज काही नाही. कोणी त्या ओलीवर वाल टाकतो, कोणी हरभरा. पुष्कळजण काहीच टाकत नाहीत. मग जूनपर्यंत ती तशीच ऊन खात पडते.

उघड्या जमिनीचे काय करावे हा प्रश्न शेतकी खात्याचा, असे आपण समजतो. मला तो नीतीचाही वाटतो.

अमेरिकेतल्या आयोवा, इलिनॉय या मुलखांत एक साल मका आणि एक साल सोयाबीन असा फेर चालतो. दोहोंच्या मधल्या थंडीत जमीन उघडी राहते, माती वाहते, खतातला नत्र नद्यांत उतरतो आणि मिसिसिपीतून थेट समुद्राला मिळतो. म्हणून तिथे कोणी राय नावाचे धान्य केवळ पांघरूण म्हणून पेरतात आणि वसंतात, दाणा भरण्याआधीच, मारून टाकतात. जमिनीला लाभ, शेतकऱ्याला खर्च. अर्थात फार थोडे लोक हे करतात. तेव्हा आता संशोधक म्हणतात, हे पांघरूणच तेलबियांचे करा. कॅमेलिना, पेनीक्रेस ही मोहरीच्या कुळातली पिके शरदात पेरा, थंडीभर जमीन झाका, उन्हाळ्याच्या तोंडाशी तेल काढून घ्या आणि मग सोयाबीन लावा.

यावर एखादा सात्त्विक माणूस म्हणेल, हे कसले देणे? जमिनीला लुगडे नेसवायचे आणि तेच सोडून बाजारात विकायचे!

आक्षेप सोपा नाही. पण तो घेणाऱ्याचे जेवण बहुधा दुसऱ्याच्या शेतातून येत असते. ठाणे-कुलाब्याकडच्या डोंगरउतारांवर, वरकस जमिनीत, पहिल्या साली नागली, मग वरी आणि शेवटी खुरासणी घेण्याची जुनी रीत होती. खुरासणी म्हणजे देशावरचे कारळे. ती काढली की जमीन काही वर्षे पडीत टाकीत. गवत, झुडपे तिला झाकीत. भाद्रपद-आश्विनात खुरासणीचा तो उतार पिवळ्या फुलांनी भरे आणि मधमाश्यांनी घुमे. त्यांच्यावाचून ते पीक नीट धरतही नाही. त्या लोकांनी जमिनीला विसावा दिला, पण जाता जाता तिच्याकडून तेलही मागून घेतले. यात त्यांना काही विसंगत वाटले असेल असे मला वाटत नाही.

आणि तेल मागणे हे तसे फार हलके मागणे आहे. तेलात कार्बन, हायड्रोजन आणि थोडा ऑक्सिजन, एवढेच असते. हे सारे रोपट्याने हवेतून आणि पाण्यातून, उन्हाच्या बळावर जमवलेले. जमिनीने दिलेला नत्र, स्फुरद, पालाश तेलात जवळजवळ उतरतच नाही. तो पेंडीत राहतो. बैलाच्या घाण्यावर बी गाळले, पेंड गोठ्यात गेली आणि शेण शेतात पडले, तर पणतीत जळून गेले ते ऊनच. मातीचे माती परत घेऊन गेली. (कारळ्याच्या चटणीत मात्र तेलही आपण खातो आणि पेंडही. तिची चव पाहता हा अपराध क्षम्य मानावा.)

म्हणजे प्रश्न घेण्याचा नाही, पेंडीचा आहे. सोयाबीनमध्ये तेल शेकडा 18 ते 20. बाकीची पेंड कोंबड्यांना जाते, परदेशी जाते, आणि मराठवाड्यातल्या शेतात गोणीतले खत येते. 2024 साली केंद्र सरकारने 10,103 कोटी रुपयांचे तेलबिया अभियान मंजूर केले. त्यात भातानंतर पडीक राहणाऱ्या जमिनीही हिशेबात धरल्या आहेत. हे योग्यच झाले. पण त्या पडिकांतून निघालेली पेंड कुठे जाईल, हे मला तेलाइतकेच महत्त्वाचे वाटते.

शहरांनी तरी काय परत केले? उल्हासनगर 1949 साली वसले ते सिंधमधून सर्वस्व टाकून आलेल्या माणसांचे. लष्करी छावणीच्या बराकींत त्यांनी संसार थाटले. त्यांनी शेती का केली नाही असे विचारणे क्रूरपणाचे होईल. परंतु शेतांतून आलेले सारे खाऊन आपण सगळे मिळून जे परत देतो ते अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणाऱ्या वालधुनीत पाहावे. शेताला त्याचा उपयोग नाही आणि नदीलाही नाही.

‘पडीक’ हा शब्दही आपण सैल वापरतो. गवताखाली विसावलेली वरकस पडीक, धसकटांची धूळ झालेले खाचर पडीक, आणि कुंपण घालून भाव चढण्याची वाट पाहणारा बदलापूरचा तुकडाही पडीकच! यांपैकी विश्रांती फक्त पहिलीला मिळते.

खाचरात ओलीवर जवस किंवा तीळ घेऊन पाहा, असे शेतकऱ्याला सांगणे सोपे आहे. त्याची अडचण वेगळीच असते. भात निघाले की गावची गुरे मोकळी सुटतात. एकट्याने पेरले तर सारा गाव मोकळा आणि हिरवे तेवढे त्याचेच. मग रात्री राखणीला जायचे तेही त्यानेच. शेजारच्या चौघांनी पेरले तर राखण वाटून घेता येते. तेव्हा बियाण्याची पिशवी सोडण्याआधी तो शेजाऱ्याच्या ओटीवर जाऊन बसतो आणि विचारतो, ‘यंदा तुमचे काय?’