फेडले तरी न फिटणारे ऋण

सज्जनहो, देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे मनुष्य जन्मतःच घेऊन येतो, असे शास्त्र सांगते. ती फेडावी तसतशी हलकी होतात. पण आता चौथे ऋण घरात शिरले आहे. ते फेडीत असतानाही जड होते. नांदेड-लातूरकडे कीर्तनास गेलो म्हणजे आम्हांस हेच गाऱ्हाणे ऐकू येते. सोयाबीनचा पैसा हाती यायला दिवाळी उजाडते, आणि मुलाच्या शिकवणीची फी जूनमध्येच भरावी लागते. मग क्रेडिट कार्ड यंत्रात घालायचे आणि रोकड काढायची! सावकाराच्या ओट्यावर बसणे नको, कोणी पाहतही नाही.

पण हिशेब ऐका. कार्डावर खरेदी केली आणि मुदतीत सारी रक्कम भरली, तर व्याज पडत नाही. रोख उचलीला ही सवलत नाही. काढल्या दिवसापासून व्याज, आणि उचलीचे शुल्क निराळे. समजा, २०,००० रुपये उचलले आणि व्याज महिना साडेतीन टक्के. महिन्याचे व्याज ७००, त्यावर १८ टक्के कर १२६, मिळून ८२६. यजमानाने १,००० भरले आणि निश्चिंत झोपला. मुद्दल उतरले किती? १७४! फुटका रांजण भरण्याचाच हा प्रकार.

आमच्या धर्मशास्त्राने दामदुपटीची मर्यादा घातली होती. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज घेऊ नये, असा तो दंडक. आमच्या काळात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावरील ३० टक्क्यांवरचे व्याज अनुचित ठरविले. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा बाहेरून कोणी मर्यादा घालील ही वाट पाहू नये. ती आपणच घालावी. यालाच संयम म्हणतात.

कोणी म्हणेल, दामाजीपंतांचे देणे विठोबाने बेदरास जाऊन चुकते केले, तसे आमचेही करील. बाबांनो, दामाजींनी कोठार उघडले ते दुष्काळात भुकेल्यांसाठी. तुकोबांनी इंद्रायणीत कर्जखते बुडविली, पण ती इतरांकडून येणे असलेली! घेणे सोडणे हा त्याग. देणे बुडविणे हा त्याग नव्हे.

मग करावे काय? पहिले, कार्डावर नवी उचल बंद. दुसरे, पिकाचा पैसा आला की आधी हेच कर्ज फेडावे, बारसे-जावळ मागाहून. एकदम जमत नसेल तर बँकेचे, पतसंस्थेचे किंवा बचत गटाचे कमी व्याजाचे कर्ज काढून हे महाग कर्ज मिटवावे. सारे फिटले की कार्ड बंद करण्यास लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे बाकी नसल्यास सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केले पाहिजे. न केल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकास द्यावयाचा आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: घरात लपवू नका. व्याज एकट्याला गाठून खाते. मालकिणीला सांगा, कर्त्या मुलाला सांगा, माळकऱ्याला सांगा. कर्ज हे पाप नव्हे; त्यापायी जीव नकोसा करून घेणे हा मात्र विठोबाने दिलेल्या देहाचा अपमान आहे.

एक गोष्ट आमच्याकडचीही. सप्ताहाची वर्गणी किंवा कीर्तनकाराची बिदागी कोणी अशी उचल करून देत असेल, तर ती आम्हांस नको. मूठभर बुक्का पुरे. पांडुरंग विटेवर उभा आहे तो भक्ताची वाट पाहत, वसुलीसाठी नव्हे.

रामकृष्णहरि.