न घडलेल्या खुनाची शिक्षा

लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाने 24 ऑक्टोबर 1986 रोजी नेझार हिंदावी या जॉर्डनच्या माणसाला 45 वर्षांची सजा फर्मावली. एल अलचे विमान बॉम्बने उडवून देण्याचा प्रयत्न केला, हा त्याचा गुन्हा. विमान उडाले नाही. एकही माणूस मेला नाही, कोणाला साधे खरचटलेदेखील नाही. तरी ब्रिटनच्या कोर्टांनी तोपर्यंत ठराविक मुदतीच्या जेवढ्या शिक्षा दिल्या होत्या, त्यांत ही सर्वांत मोठी होती.

या गोष्टीला तीन तपांहून अधिक काळ लोटला. तरीही आपल्या मंडळींत असा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, ‘अशाला फाशीच द्यायला हवी होती, 45 वर्षे पोसायचा कशाला?’ दुसरी, बहुधा तरुण आणि शिकलेली, विचारतात, ‘कोणी मेलेच नाही, तर एवढी शिक्षा कशाची?’ दोन्ही प्रश्न टाकाऊ नाहीत. म्हणून वाचकहो, थोडे थांबून विचार करू या, की माणसाला शिक्षा होते ती कशाबद्दल? त्याने योजले त्याबद्दल, की प्रत्यक्षात घडले त्याबद्दल?

आधी हकिगत पाहू. 17 एप्रिल 1986 ची सकाळ. पेसाहचा सण एका आठवड्यावर आला होता. हीथ्रो विमानतळावर न्यूयॉर्कहून आलेले एल अलचे विमान तेल अवीवला निघण्याच्या तयारीत होते. त्यातून 375 माणसे प्रवास करणार होती. त्यांत एक आयरिश तरुणी होती, पोटाशी असलेली. मूल हिंदावीचे. त्याने तिला लग्नाचे वचन दिले होते. ‘तू पुढे हो, मी दुसऱ्या विमानाने येतो, पवित्र भूमीत आपण लग्न करू,’ असे सांगून त्याने तिला बॅग भरून दिली. त्या बॅगेच्या खोट्या तळाखाली सुमारे दीड किलो स्फोटक होते आणि ते उडवण्याची युक्ती एका साध्या कॅल्क्युलेटरमध्ये दडवलेली होती. तिला यातले काही माहीत नव्हते.

विमानतळाच्या एक्सरे यंत्रातून ती बॅग बिनबोभाट पार झाली. पकडली ती एल अलच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी, आणि तीही साध्या प्रश्नांमुळे. कुठे जाता? कोणाकडे उतरणार? बॅग कोणी भरली? उत्तरे जुळेनात, म्हणून बॅग रिकामी केली, तर रिकामी बॅगही जड लागली. त्या बाईची चौकशी होऊन तिला सोडून देण्यात आले, आणि पुढे कोर्टात तिने साक्ष दिली. हिंदावी दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या स्वाधीन झाला. शिक्षा झाली त्याच दिवशी ब्रिटनने सीरियाशी राजनैतिक संबंध तोडले, कारण या कटामागे सीरियाच्या अधिकाऱ्यांचा हात असल्याचे पुरावे पुढे आले होते.

आता पहिला मुद्दा. 375 माणसे वाचली, हे पुण्य कोणाच्या खात्यावर मांडायचे? ज्याने प्रश्न विचारले आणि बॅग हातात तोलून पाहिली, त्याच्या. हिंदावीने आपल्या परीने काम पुरे केले होते. बॅग दिली, तिला विमानतळावर पोचवले, निरोप घेतला. त्याच्या हातून करायचे असे काही उरले नव्हते. मग पहारेकऱ्याच्या सावधपणाबद्दल चोराची शिक्षा का कमी व्हावी? दुसऱ्याच्या पुण्याईचा वाटा पाप्याला देणे हा कुठला न्याय? अपिलाच्या कोर्टानेही हाच विचार केला. शिक्षा एका दिवसानेही जास्त नाही, असे त्या न्यायाधीशांनी म्हटले.

आपल्या तोरामध्ये याला एक आधार सापडतो. देवारीमच्या पुस्तकात खोट्या साक्षीदारांचा नियम आहे. निरपराध्यावर मरणाचा आळ घेऊन जे खोटी साक्ष देतात आणि पकडले जातात, त्यांनी आपल्या भावाचे जे करायचे योजले, तेच त्यांचे करावे, अशी आज्ञा आहे. ‘केले ते’ नव्हे, ‘योजले ते’. पुढे तलमूदमध्ये, मक्कोथच्या भागात, हाखामांनी याचा असा अर्थ लावला, की ऐकणारा चकित होतो. आरोपीला मृत्युदंड ठरला पण अंमल झाला नाही, आणि मग साक्षीदार खोटे ठरले, तर त्यांना मृत्युदंड. पण अंमल होऊन बिचारा मेला असेल, तर त्यांना तो मृत्युदंड नाही!

हा उलटा न्याय कसा? रांबान यांनी उत्तर दिले, की न्यायाधीशांच्या मध्ये देव उभा असतो, तो निरपराध्याचे रक्त सांडू देणार नाही. ज्याअर्थी शिक्षा अमलात आली, त्याअर्थी त्या माणसाचा काही दोष होताच. दुसरे एक उत्तर असेही देतात, की पुरा झालेला एवढा मोठा अपराध माणसाच्या कोर्टाच्या आवाक्याबाहेर जातो. त्याचा हिशेब वरच्या कोर्टात. मला हे दुसरे उत्तर अधिक पटते. हा नियम फक्त खोट्या साक्षीदारांसाठी आहे, तो प्रत्येक गुन्ह्याला लावता येणार नाही, हे खरे. पण योजलेले पापही शिक्षेला पात्र असू शकते, एवढे त्यावरून नक्की दिसते.

तरुण मंडळी यावर विचारतील, ‘मग मनातल्या विचारालाही शिक्षा करणार काय?’ नाही. इथे दुसरे एक उदाहरण घेऊ. 22 डिसेंबर 2001 रोजी रिचर्ड रीड हा पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात बुटात बॉम्ब घालून बसला. काडी ओढून पेटवू लागला, तेव्हा विमानातल्या लोकांनी त्याला धरले. 2003 मध्ये बॉस्टनच्या कोर्टाने त्याला जन्मठेप दिली. पण तसाच बुटाचा बॉम्ब आणखी एका तरुणाला दिलेला होता. तो म्हणजे इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरचा साजिद बदात. तो विमानात चढलाच नाही. त्याने बॉम्ब सुटा करून घरात ठेवून दिला आणि कट सोडला. त्याने गुन्हा कबूल केला आणि 2005 मध्ये त्याला 13 वर्षांची शिक्षा झाली.

दोघांचे बॉम्ब सारखे, आणि दोन्ही वेळा कोणी मेले नाही. केवळ परिणाम मोजला, तर दोघांना एकच शिक्षा हवी. केवळ सुरुवातीचा बेत मोजला, तरी एकच हवी. पण रीड थांबला तो दुसऱ्यांनी हात धरल्यामुळे, आणि बदात स्वतःहून थांबला. फसलेला आणि फिरलेला यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दर योम किप्पूरला दुपारी आपण सिनेगॉगमध्ये योनाचे पुस्तक ऐकतो ते कशासाठी? निनवेचे लोक वाईट मार्गावरून फिरले आणि देवाने अरिष्ट टाळले. तेशुवा म्हणजे हे फिरणे.

मग बदातला 13 वर्षे तरी का? कारण तो फिरला, पण गप्प राहिला. रीड विमानात चढणार हे तो पोलिसांना कळवू शकला असता. त्याने कळवले नाही. शेजाऱ्याचे रक्त सांडत असता स्वस्थ उभे राहू नये, ही वायिक्रामधली आज्ञा आपल्या सर्वांना पाठ आहे. स्वतःचा हात आखडला म्हणजे सुटलो असे नाही.

आता पहिल्या मंडळींकडे वळते, जी फाशी मागतात. आपल्या शास्त्रात ‘रोदेफ’ म्हणजे पाठलाग करणारा, याचा नियम आहे. कोणी दुसऱ्याचा जीव घ्यायला धावत असेल, तर त्याला थांबवावे, दुसरा उपाय नसेल तर मारूनही. पण त्याचा एखादा अवयव जायबंदी करून भागत असताना जो जीव घेतो, तो स्वतः दोषी ठरतो. याचा अर्थ, तो अधिकार वाचवण्यासाठी आहे, सूड घेण्यासाठी नाही. हिंदावीच्या हाती बेड्या पडल्या त्या क्षणी तो रोदेफ राहिला नाही, आरोपी झाला. तिथून पुढे राग बाजूला ठेवून पुराव्याचे काम सुरू होते.

पुरावा किती महत्त्वाचा, हे आपल्या जुन्या देशाशी जोडलेल्या एका दुःखाने शिकवले आहे. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळच्या समुद्रावर बॉम्बने फुटले. 329 माणसे गेली, त्यांत बरीच लहान मुले होती. त्या खटल्यात कॅनडात 2003 मध्ये बॉम्बची सामग्री जमवणाऱ्या एकाला मनुष्यवधाबद्दल 5 वर्षांची शिक्षा झाली, आणि 2005 मध्ये मुख्य आरोपी म्हणून उभे केलेले दोघे पुराव्याअभावी सुटले. एका बाजूला कोणी मेले नाही आणि 45 वर्षे. दुसऱ्या बाजूला 329 मृत्यू आणि 5 वर्षे. ज्यांची मुले त्या समुद्रात गेली, त्यांना हे गणित कोण समजावणार? मला तरी ते धाडस नाही. पण त्यावरून एक गोष्ट कळते. शिक्षेचा आकडा म्हणजे जिवांची किंमत नव्हे. जेवढे सिद्ध झाले, तेवढ्याचा तो आकडा. दोन साक्षीदारांवाचून शिक्षा नको, असे आपल्या तोराने सांगितले, तेव्हा कधीकधी अपराधी सुटेल हे मोशेलाही ठाऊक असणारच. तरीही नियम तसाच ठेवला.

आणखी एक उदाहरण देते, कारण ते माझ्या पेशाचे आहे. 25 डिसेंबर 2009 रोजी उमर फारूक अब्दुलमुतल्लब याने ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात अंगावरच्या कपड्यांत शिवलेला बॉम्ब उडवायचा प्रयत्न केला. बॉम्ब नीट उडाला नाही, आग लागली आणि तो स्वतःच भाजला. 2012 मध्ये त्याला जन्मठेप झाली. पण मधल्या काळात त्याला इस्पितळात नेले होते. भाजलेल्या रोग्याचे ड्रेसिंग म्हणजे काय, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. मेलेली कातडी हळूहळू काढावी लागते, रोगी ओरडतो, तरी हात थरथरू देता येत नाही. हे काम तिथल्या कोणीतरी नर्सने केले असेलच. सुमारे 290 माणसे मारायला निघालेल्याच्या मांड्यांवर तिने औषध लावले.

काही जण याला दुबळेपणा म्हणतील. मी म्हणत नाही. वॉर्डात जखम पाहायची असते, माणसाचा जमाखर्च पाहायचा नसतो. तो पाहायला न्यायाधीश आहेत. नर्स जर न्याय करू लागली आणि न्यायाधीश जर राग काढू लागला, तर दोघांचीही कामे बिघडतील. त्या माणसाला जिवंत कोर्टात उभे करता आले, म्हणूनच त्या विमानातल्या प्रवाशांना त्याच्या तोंडावर आपले दुःख सांगता आले.

हिंदावीच्या बाबतीतही पुढे असेच झाले. ब्रिटनमधून हद्दपार व्हायच्या परदेशी कैद्यांना पॅरोलच्या बोर्डापुढे इतरांसारखी सुनावणी मिळत नसे. त्याविरुद्ध तो भांडला, आणि डिसेंबर 2006 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने निकाल दिला. पुष्कळांना याचा संताप येईल. पण मला वाटते, शिक्षा 45 वर्षांची दिली हेही बरोबर, आणि त्याचे म्हणणे इतर कैद्यांसारखेच ऐकून घेतले हेही बरोबर. पहिल्या निकालाने 375 माणसांच्या जिवाची कदर केली. दुसऱ्याने कायद्याची इज्जत राखली.

मला सर्वांत घोर वाटते ती गोष्ट मात्र कुठल्याच शिक्षेत नीट मावत नाही. एका बाईच्या विश्वासाचे त्याने ओझ्याचे जनावर केले. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, असे तोरा सांगते. इथे तर प्रेमाने आंधळी झालेली बाई, तिच्या पोटात त्याचेच लेकरू, आणि अडखळण म्हणजे दीड किलो स्फोटक. शत्रूचा द्वेष माणसाला कुठवर नेतो, तर स्वतःच्या मुलाचाही त्यात हिशेब उरत नाही. जो एकाला वाचवतो त्याने जणू सारे जग वाचवले, असे हाखाम म्हणाले. त्या दिवशी वाचलेल्यांत खुनी माणसाचे स्वतःचे मूलही होते, आणि ते ज्यूंच्या विमानाच्या पहारेकऱ्याने वाचवले.

आज आपल्या नातवंडांपैकी कोणी लष्करात आहे, कोणी कुठल्या फाटकावर बॅगा तपासत उभे आहे. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की प्रश्न विचारा, सावध राहा, पण समोरच्या माणसाचा चेहरा पाहून विचारा. समोर उभी असलेली बाई गुन्हेगार असेल, किंवा ती सर्वांत मोठ्या धोक्यात असलेली व्यक्तीही असेल. हीथ्रोवर ती दुसऱ्या प्रकारची होती.