काचेचा पेला आणि उष्टेपणा

कॉफी कशातून प्यावी, हा प्रश्न तत्त्वचिंतनाच्या पंक्तीला बसविण्याजोगा आहे, असे सकृद्दर्शनी कोणासही वाटणार नाही. परंतु नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर पडलेल्या आम्हां मंडळींना ठिकठिकाणची भांडी हाताळावी लागतात, आणि भांड्यांबरोबर त्यांच्या पाठीमागची समजूतही हाती येते. दक्षिणेत बदली झाली की चहाच्या कपबशीची जागा पितळी किंवा स्टीलचा पेला आणि त्याखालची पसरट वाटी घेते. त्यांस तेथे टंबलर आणि डवरा म्हणतात. पेल्याची कड बाहेर वळलेली असते. ओठ न लावता कॉफी वरून तोंडात सोडावी, म्हणजे भांडे उष्टे होत नाही, ही जुनी सोय त्या कडेत आहे.

या धातूच्या पेल्याशेजारी काचेचा पेला ठेवून पाहिला म्हणजे काचेचे गुण सहज ध्यानात येतात. स्टीलमधून उष्णता काचेच्या सुमारे पंधरापट सहजतेने वाहते. त्यामुळे धातूची कड ओठाला चटका देते, काच त्या मानाने सौम्य वागते. पितळेला कल्हई लागते, काचेला लागत नाही. काच कॉफीला आपली चव देत नाही आणि कालचा वास आजच्या घोटात मिसळू देत नाही. शिवाय कॉफीचा रंग, तळाचा गाळ आणि धुणाऱ्याची हयगय ही सारी तिच्यात उघडी दिसतात. काचेला दोषही आहेत. उकळती कॉफी एकदम ओतली तर आतली बाजू आधी प्रसरण पावते, बाहेरची मागे राहते, आणि जाड पेला तडकतो. तेवढी सावधगिरी बाळगली तर काचेइतके प्रामाणिक भांडे दुसरे नाही.

आम्हांला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो तो तिच्या विस्मरणाचा. न रंगविलेली माती सच्छिद्र असते. ती पेय शोषून घेते, म्हणून कुल्हड एकदा वापरून टाकून देतात. काच काहीही शोषून घेत नाही. साबण आणि गरम पाणी यांनी नीट धुतल्यावर आधी कोण प्याले, याची खूण तिच्यावर उरत नाही.

तरीही उष्टेपणा उरतो, तो कोठे? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाची हकिगत आपणांस ठाऊकच आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे त्यात होती. त्यावरून शहरात मोठे ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते घडली. ते कप त्याच दिवशी धुतले गेले असतील. डाग राहिला तो लोकांच्या मनात. पुढे १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव आहे, उपाहारगृहात सर्वांसाठी ठेवलेली भांडी अस्पृश्यतेच्या कारणाने कोणास वापरू न देणे हा गुन्हा ठरविला. कायदे करणाऱ्यांस कलम ४ मध्ये भांड्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यातच सारे आले. आणि तरीही त्यानंतरच्या काळात तमिळनाडूतील कित्येक खेड्यांच्या चहाच्या दुकानांत दलितांसाठी निराळे पेले ठेवल्याचे आढळले. ती पद्धत ‘दोन पेल्यांची’ म्हणूनच ओळखली जाते. तेव्हा काच कितीही पारदर्शक असो, तिच्या योगाने व्यवहार आपोआप पारदर्शक होत नाही.

येथे कोणी म्हणेल, “आमचा पेला आम्ही आरोग्यासाठी वेगळा ठेवतो, त्यात गैर काय?” गैर काहीच नाही. साथीच्या दिवसांत तर ते शहाणपणाचेच आहे. परंतु हे कारण खरे की सोयीचे, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. रोगजंतू हुद्दा पाहून येत नाहीत. संसर्गाची भीती खरी असेल तर ती साहेबांच्या पेल्याविषयी वाटावी तितकीच शिपायाच्या पेल्याविषयी वाटेल. जी भीती केवळ खालच्या पायरीकडे पाहूनच जागी होते आणि वरच्या पायरीशी निःशंकपणे एका बशीत बिस्किटे खाते, ती आरोग्याची भीती नव्हे. तिचे जुने नाव विटाळ. आरोग्य हा तिचा केवळ नवा पोशाख.

परप्रांतात राहणाऱ्या आपणां सरकारी नोकरांनी ही कसोटी स्वतःस अधिक काटेकोरपणे लावावी, असे आम्हांस वाटते. घरापासून दूर आल्यावर जातगोत विचारणारे शेजारी मागे राहतात, आणि तेवढ्यावरून आपण मोकळे झालो असा समज होतो. पण कचेरीच्या कपाटात ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ पेले दोन फळ्यांवर असतील, तर आपण गाव बदलले, फळी बदलली नाही. सहा सारखे काचेचे पेले फार महाग पडत नाहीत. धुऊन एका तबकात पालथे घातल्यावर त्यांतला साहेबांचा कोणता आणि शिपायाचा कोणता, हे ज्या कचेरीत कोणालाच सांगता येत नाही, तेथली कॉफी आम्हांस अधिक गोड लागेल.