पडीक कोणाला म्हणावे?

१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले. तेलबियांपासून इंधन ही कल्पना इतकी जुनी आहे. परंतु आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. म्हणून २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने मोगली एरंडासारख्या अखाद्य तेलबियांना, आणि त्याही पडीक जमिनीवर, पसंती दिली. अन्नाशी स्पर्धा टळली, असे वाटले. पण कागदावर पडीक असलेल्या गायरानात भूमिहीनाची शेळी चरते, त्याच्या चुलीला सरपण मिळते. शिवाय निकस मातीत हे झुडूप जगते खरे. पाण्यावाचून भरघोस बी मात्र देत नाही. तेव्हा बी खाद्य की अखाद्य, एवढेच विचारून भागत नाही. त्या भूमीवर आज कोणाचा निर्वाह चालतो, हे प्रथम विचारणे न्यायाचे आहे.